कॉम्प्युटर डाव टाकून उठतो

अण्णा एकदाच वारले, पण आमचा कॉम्प्युटर त्या थंडीत रोज दुपारी वारत होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी सगळी नोकरी फर्स्ट शिफ्टला काढली. पहाटे जायचे, चारला घरी यायचे, आंघोळ करायचे आणि आईबरोबर रमीला बसायचे. रिटायर झाल्यावर शिफ्ट सुटली, रमी सुटली नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमधला दिवाण हा त्यांचा अड्डा. इतरांचे आईवडील पैशांवरून भांडतात, माहेरच्या माणसांवरून भांडतात. आमचे जोकरवरून भांडायचे.

अण्णा सज्जन होते, पण हरणं त्यांना जमायचं नाही. आईचा डाव लागत आलाय असा नुसता वास आला तरी ते हातातले पत्ते पालथे टाकायचे, "चल, पुरे," म्हणायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. आई आतून ओरडायची, "रडीचा डाव!" तिकडून अण्णांच्या हसण्याचा आवाज यायचा. हे रोजचं होतं. शेजाऱ्यांना घड्याळ लावायला बरं पडायचं.

गणपती उठले त्या आठवड्यात एका दुपारी अण्णांनी असेच पत्ते पालथे टाकले, "चल, पुरे," म्हणाले आणि गॅलरीत गेले. आई ओरडली, "रडीचा डाव!" मग चिडून तिने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलंच नाही. चहा टाकला, गाळला आणि कप घेऊन गॅलरीत गेली, तेव्हा अण्णा नव्हते. म्हणजे खुर्चीत होते. पण नव्हते.

(विनोदी लिहायचं ठरवून बसलोय, त्यामुळे इथे फार वेळ थांबत नाही.)

त्यानंतर आईने बोलणं जवळजवळ बंद केलं. "दूध आलं का," "मीठ बघ," एवढंच. स्वयंपाक करायची, आमचे डबे भरायची. मी आणि नीलिमा, म्हणजे माझी बायको, सकाळी आठला बाहेर पडायचो. मी वाशीच्या ऑफिसात, ती तिच्या बँकेत. मागे आई आणि भिंतीवरचा अण्णांचा फोटो. दिवसभर ती काय करत असेल हा विचार मनात आला की मला न्हावा शेवाच्या कंटेनरचे नंबर वाचता यायचे नाहीत. आमची कंपनी तिथल्या मालाची कस्टमची कागदपत्रं करायची, आणि त्या महिन्यात माझ्या हातून सिमेंटचे कंटेनर खजूर म्हणून सुटता सुटता राहिले.

दिवाळीला ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. साहेबांनी जुन्यातला एक मला दिला. "घरी ने. शीक जरा. खजूर, सिमेंट!"

मी तो रिक्षातून आणला. मॉनिटर मांडीवर, बाकीचा आडवा डबा पायांशी. त्या काळी आमच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर म्हणजे अपूर्वाई! खालच्या म्हात्रेकाकांनी स्वतः नारळ फोडला. मी जमलेल्या लोकांसमोर ऐटीत बटण दाबलं. (मला त्यातलं एवढंच यायचं.)

कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ आहे हे नीलिमाने शोधून काढलं. एकट्याने खेळायचा, पेशन्सचा. तिने आईला हाताला धरून बसवलं. "आई, हे बघा, बदाम सत्ती. हिच्यावर किलवर छक्की आणायची. या उंदराला धरून ओढायची."

आई म्हणाली, "मला नाही खेळायचं."

मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती इस्पिक राणी मोकळी आहे, दिसत नाही का तुला?"

नीलिमाने मुद्दामच त्या राणीकडे दुर्लक्ष केलं होतं. हुशार आहे माझी बायको. दुसऱ्या दिवसापासून आई रोज दुपारी पेशन्स खेळू लागली. संध्याकाळी आल्यावर मला सांगू लागली. "आज दोनदा सुटला डाव." "आज चौकट एक्का खाली अडकून बसला होता मेला." वाक्यं! अख्खी वाक्यं! मी आणि नीलिमाने किचनमध्ये जाऊन एकमेकांना टाळी दिली.

इतका आईला त्याचा नाद लागला की खेळायची दुपारी, पण कॉम्प्युटर लावून ठेवायची अकरालाच.

"आई, आधीपासून कशाला लावतेस?"

"तापायला वेळ लागतो त्याला."

"अगं, तो काय जुना रेडिओ आहे?"

"असू दे रे," ती म्हणायची. मी हसायचो. ऑफिसात सांगून त्यांनाही हसवायचो.

मग मार्गशीर्षात थंडी पडली. खाडीवरून वारा यायला लागला आणि कॉम्प्युटर मरायला लागला.

पहिल्या दिवशी मी घरी आलो तर आई दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. कॉम्प्युटर बंद.

"काय झालं? खेळली नाहीस?"

"खेळत होते. थांबलं."

"म्हणजे हँग झाला. काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं. डाव सुटत आला होता. चारच पानं राहिली होती." मग फोटोकडे न बघता म्हणाली, "हे उठून गेले."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पायातले मोजे काढता काढता मी तसाच बसलो.

"मी जिंकायला आले की टाकतात डाव," आई म्हणाली. "त्या दिवशीसारखाच. मी एकटी खेळते, जिंकते, ते त्यांना आवडत नाही. रागावलेत माझ्यावर. त्या दिवशी रागावून गेले, तो राग गेला नाही अजून. जाताना माझ्या तोंडचं काय ऐकून गेले? रडीचा डाव."

अण्णांनंतर ती गप्प का झाली होती ते तेव्हा कळलं. अण्णा गेले याचं दुःख तर होतंच, पण आपल्यावर रुसून गेले, आणि शेवटचा शब्द आपला असा, हे ती आत घेऊन बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की क्षणात गेले, कोणाच्या हातात काही नव्हतं. ते मला सांगितलं होतं. आईला ते पटलेलंच नव्हतं. आणि आता हा मेला ऑफिसातून टाकलेला डबा रोज दुपारी तिला तेच पुन्हा दाखवत होता!

मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, हे मशीन आहे. याच्यात काहीतरी बिघाड आहे. मी शोधून काढतो."

"नको रे. मी बसतच नाही उद्यापासून."

"बसायचं. माझ्यासाठी बस. अण्णांचा यात काडीचाही संबंध नाही हे मी तुला सिद्ध करून दाखवतो."

ज्या माणसाला सिमेंट आणि खजूर यातला फरक सिद्ध करता आला नव्हता, तो हे बोलत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी ऑफिसातून घरी फोन करायला लागलो. संवाद साधारण असा व्हायचा.

"आई, चालू आहे का?"

"गेले."

"आजपण गेले? किती वाजता?"

"तीनच्या सुमारास."

"काही झालं होतं का आधी? आवाज वगैरे?"

"नाही. नेहमीसारखेच. गुपचूप."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हे रोज ऐकत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी ते उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार झालं हो एका घरात." साहेबांनी मला लवकर सोडलं. मी वाटेत वाशीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मनोजला बरोबर घेतलं आणि साडेपाचला घरी पोचलो.

मनोज हा हार्डवेअर इंजिनिअर होता. म्हणजे त्याच्या कार्डावर तसं होतं. कमरेला पेजर, पाठीला बॅग, आणि आत्मविश्वास तर असा की डॉक्टरांनाही नसतो. त्याने कॉम्प्युटर लावला. तासभर चालवला. ढिम्म काही झालं नाही.

"सर, मशीन तर मख्खन चालतंय."

"दुपारी बंद पडतं."

"दुपारी?" त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "आजी, तुम्ही काय खोलता दुपारी?"

"पत्ते," आई म्हणाली.

मनोजने डबा उघडला. आत धूळ. "हे बघा! तुर्भ्याच्या खाणीची पावडर. टेन्शन नाय घ्यायचं सर, लोचा सापडला." त्याने फुंकर मारली. सगळी धूळ माझ्या तोंडावर आली. कॉम्प्युटर स्वच्छ झाला.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "गेले," आई म्हणाली.

मग रविवारी मनोज पुन्हा आला. त्याने आतल्या रॅमच्या पट्ट्या उपटल्या, शाळेतल्या खोडरबराने घासल्या आणि परत बसवल्या. कॉम्प्युटर दिवसभर चालला. रविवारी तो नेहमीच चालायचा! डॉक्टर आला की ताप उतरावा तसा मनोज आला की तो टुणटुणीत. सोमवारी मात्र पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला. आईने तो कागदावर जसाच्या तसा उतरवून ठेवला होता. मी तिला मराठीत समजावलं, की या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृत्य केलं असल्याने तो बंद करण्यात येत आहे.

आई उठूनच उभी राहिली. "बेकायदेशीर? अरे, काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती ठेवली मी! त्यात काय बेकायदेशीर?"

"आई, ते तसंच लिहितात."

"आयुष्यात ह्यांनी किंवा मी पत्त्यात कधी लबाडी केली नाही," ती म्हणाली. "हरले की उठायचे फक्त."

मनोजने फॉर्मेट मारला. फॉर्मेट म्हणजे कॉम्प्युटरची पाटी कोरी करायची. माझ्या पाटीवर ऑफिसची पंधरवड्याची कागदपत्रं होती, तीही कोरी झाली. कॉम्प्युटर मात्र पूर्वीइतक्याच इमानाने मरत राहिला.

"आता एकच सर," मनोज म्हणाला. "तुमच्या घरात लाइटचा लोचा आहे."

हे जिन्यात म्हात्रेकाकांनी ऐकलं, आणि मग प्रकरण माझ्या हातात राहिलं नाही.

म्हात्रेकाका सोसायटीचे चेअरमन. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरच्यांची खाजणातली भातशेती होती. अण्णांवर त्यांचा फार जीव. अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले तेच पुढे झाले होते.

"सुधीर," ते म्हणाले, "तुला मी सांगतो काय झालाय ते. ही जमीन खारी हाय. भरतीला खालून पानी येतं. तुमचा अर्थिंग गंजला आसंल. अर्थिंग नाय तं तो कॉम्पुटर काय करील बिचारा?"

"पण काका, दुपारीच का?"

"भरती दुपारी नाय येत?"

मनोजने मान डोलावली. दोन तज्ज्ञांचं एकमत झालं! रविवारी सकाळी काका कुदळ घेऊन बिल्डिंगच्या मागे उतरले. नवा खड्डा खणायचा, त्यात कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरायची, असा बेत होता. (खाऱ्या जमिनीचा दोष घालवायला वर आणखी मीठ, हे मला जरा विचित्र वाटलं. पण मी गप्प बसलो, कारण माझं या विषयातलं ज्ञान बटणापर्यंतच होतं.)

"काका, खाली लाइन-बिइन नाही ना कसली?"

"बापाची जमीन हाय माझ्या," काका म्हणाले. "मला नको सांगू खाली काय हाय."

तिसऱ्या घावाला जमिनीतून फवारा उडाला तो पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. काका नखशिखान्त भिजले. कुदळ हातात तशीच. ते त्या पाण्याकडे बघत म्हणाले, "आयला, हा पाइप कंदी टाकला यांनी?"

बिल्डिंगचं पाणी दोन दिवस बंद होतं. बायका बादल्या घेऊन जिना चढताना आमच्या दारासमोर मुद्दाम दम खात उभ्या राहायच्या. एकीने तर नीलिमाला विचारलं, "म्हणजे तुमच्या सासूबाईंना पत्ते खेळता यावेत म्हणून का हो?" आणि ते खरं होतं.

त्या संध्याकाळी आईने माझ्यापुढे ताट वाढलं. "सुधीर, पुरे कर आता. लोकांचं पाणी तोडलंस. ते मशीन काही बिघडलेलं नाही. मला कळतंय ते. तू कशाला स्वतःला त्रास करून घेतोस?" आणि कॉम्प्युटरवर तिने स्वतःची जुनी साडी घालून तो झाकून टाकला. मी ताट बाजूला सारलं. मनोजला, काकांना, बिल्डिंगला जे काय म्हणायचं ते म्हणू देत. पण अण्णा तिच्यावर रागावून गेले ही गोष्ट त्या साडीखाली कायमची बंद होणार होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

"आई, एकदाच. शेवटचं. मी स्वतः घरी थांबून बघतो."

"काय बघणार आहेस?"

"अण्णा कुठून येतात ते," मी म्हणालो. तिला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

मी तिला दिवस सांगितला नाही. पुढच्याच आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत ऑफिसातून निघालो, मनोजला स्कूटरवर मागे बसवलं आणि अडीचच्या सुमारास चावीने दार उघडलं. आई कॉम्प्युटरसमोर होती. साडी बाजूला. माझ्या शब्दाला मान देऊन ती त्यानंतरही रोज बसत होती बिचारी!

"अरे, तू? आत्ता?"

"तू खेळ. आम्हाला बघू नकोस."

ती खेळली. आम्ही दोघं मागे उभे. मनोजने तोंडातला गुटखाही चावायचा थांबवला. डाव चांगला पडला होता. एक्के वर गेले, दुऱ्या गेल्या. आईचा हात भराभर चालायला लागला. आणि मग उंदीर हलेना. पडद्यावर किलवर राजा अर्धवट उचललेला, तसाच लटकत राहिला.

"बघ," आई हळू म्हणाली. "गेले."

"कोणी हलू नका!" मी ओरडलो. का ओरडलो माहीत नाही. "मनोज, काय करायचं?"

"सर, मागचा फॅन फिरतोय का बघा. मागे हात लावून."

"मागे हात घालू नको रे!" आई घाईने म्हणाली.

"आई, करंट कुठे असतो ते मला कळतं," असं म्हणून मी मॉनिटरच्या मागे, डबा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत हात घातला.

तिथे काहीतरी होतं. मऊ होतं, लोकरीसारखं होतं आणि ऊबदार होतं!

"घूस!" मी किंचाळलो. हात बाहेर ओढला, पण तो त्या लोकरीत अडकला, आणि घुशीसकट बाहेर आला. मी घाबरून ती वर फेकली. वर गेल्यावर घुशीतून एक चिनी मातीचा सट निघाला, सटावरची ताटली एकीकडे गेली, आणि सटात जे काही होतं ते सगळं माझ्या डोक्यावर पडलं. पांढरं, कोमट, गुळगुळीत. ते कपाळावरून चष्म्यावर आलं, चष्म्यावरून मिशीवर आलं आणि मिशीवरून तोंडात गेलं. तेव्हा मला चवीवरून कळलं.

"दही?"

मनोज माझ्याकडे बघत राहिला. "सर, आठ वर्षं लाइनमध्ये आहे. कॉम्प्युटरमधून दही पहिल्यांदा बघतोय." मग त्याने मागे वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, फॅनच्या तोंडावरच ठेवलं होतं हे! गरम हवा बाहेर पडणार कुठून? आतल्या आत उकडून मरत होतं बिचारं! म्हणून अकरापासून दोन-तीनपर्यंत दम काढायचं आणि मग खलास!"

मला ओरडावंसं वाटलं. हसावंसंही वाटलं. मग खाली पडलेली लोकर दिसली. अण्णांचा तपकिरी मफलर होता तो.

आई खाली बसून सटाचे तुकडे गोळा करत होती. कोणाकडे न बघता बोलत होती. "थंडीत लागत नाही रे लवकर. पूर्वी फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर ठेवायचे, तो तू काढून टाकलास. इथे मागे छान ऊब असते. अकराला लावलं की पाचपर्यंत कवडीचं दही होतं. ह्यांना पाचला दही लागतं, वर साखर घालून."

लागतं, म्हणाली ती.

"रविवारी तू इथे खुडबुड करत असायचास, म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायचे." तिने पदराने फरशी पुसायला सुरुवात केली. "रोज लावते. नाही लावलं तर दुपार जात नाही. वाटीत काढते, फोटोसमोर ठेवते. मग सकाळी त्याची कढी करते."

त्या थंडीत माझ्या डब्याला रोज कढी असायची. ऑफिसच्या बॅगेत सांडायची, म्हणून मी करवादायचो. रोज कढी कशी, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी दह्याने माखलेला तिथेच तिच्यापाशी बसलो आणि मला रडू आलं. दही होतं म्हणून ते कोणाला कळलं नाही.

आईने एकदम हात थांबवला. "म्हणजे माझ्यामुळे बंद पडत होतं?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! अण्णांचा दोष नाही हे सिद्ध करता करता मी तो दोष उचलून सरळ आईच्या पदरात घातला होता. तिचा चेहरा उतरला. मी "नाही, तसं नाही," असं काहीतरी पुटपुटू लागलो. पण दही तोंडात जात होतं.

मनोजने विचारलं, "पण आजी, दही लावत कोणासाठी होता?"

"ह्यांच्यासाठी," आईने फोटोकडे बोट दाखवलं.

"मग आजोबांनीच बंद पाडलं ना!" मनोज म्हणाला आणि जीभ चावली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी सगळी थंडी, बिल्डिंगचं दोन दिवसांचं पाणी, ऑफिसची कागदपत्रं, हे सगळं मी अण्णांचा यात संबंध नाही म्हणून सांगण्यात घालवलं होतं, आणि हा गुटखेवाला एका वाक्यात संबंध जोडून मोकळा!

पण आई त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "रागावून नाही?"

"राग?" मनोज गोंधळला. "राग कसला आजी? दह्याचा टाइम झाला असेल."

आई हसली. आधी नुसता श्वास आल्यासारखं, मग खळखळून. गणपतीनंतर पहिल्यांदाच. "दह्यासाठी उठायचे हो! आणि मी मेली समजत होते..." आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. माझ्या दही लागलेल्या शर्टात तोंड खुपसून ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. "रडीचा डाव म्हणाले रे मी त्यांना. शेवटचं तेच म्हणाले."

"ते रोजच म्हणायचीस तू," मी म्हणालो. "आणि ते रोज हसायचे."

"हो," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "हो. रोज हसायचे."

मनोज त्याची बॅग आवरत होता. जाताना त्याने मफलर झटकला, घडी केली आणि दिवाणावर नीट ठेवला.

पाच वाजले तेव्हा मी नुकता आंघोळ करून बाहेर आलो होतो. आई दिवाणावर पत्ते पिसत बसली होती. खरे पत्ते. कॅट कुठून काढला होता कोण जाणे. समोरची जागा तिने हाताने झटकली. "बस. येते ना रमी?"

"येते की," मी म्हणालो. (सिमेंट आणि खजूर, आणखी एकदा!)

पहिल्या डावात मला सिक्वेन्स लागेना. आईचे डोळे चमकायला लागले होते, तिचा डाव लागत आला होता, आणि अण्णांच्या जागेवर बसून मला ते बघवेना. मी पत्ते पालथे टाकले आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठायला लागलो.

आईने माझं मनगट धरलं. जोरात. "हरलास तरी चालेल," ती म्हणाली. "मधेच उठायचं नाही."

मी बसलो. हरलो. पुन्हा हरलो. काळोख पडेपर्यंत हरतच होतो.

सातला नीलिमा बँकेतून आली. मी दिवाणावर पत्त्यांकडे टक लावून, तोंड उघडं टाकून, निश्चल बसलो होतो.

"अगंबाई, हे असे काय बसलेत?" ती घाबरून पुढे आली.

"हात नको लावूस त्याला," आई पत्ते वाटता वाटता म्हणाली. "ओळीने हरलाय. थोडा वेळ असाच राहतो, मग आपोआप चालू होतो."